मॅहॉगनी झोनचा दगड आणि टनाला २५ गॅलन: एका आकड्याचं प्रकरण

पिसिआन्स हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. अमेरिकेत कोलोरॅडोच्या वायव्य भागात हे खोरं आहे, आजूबाजूला रायफल, पॅराशूट, मीकर अशी छोटी गावं, उंच पठारं, आणि पठारांच्या कड्यावर एक टणक थर छज्जासारखा पुढे आलेला दिसतो. तो मॅहॉगनी झोन. दगड कापून घासून गुळगुळीत केला की मॅहॉगनीच्या लाकडासारखा तपकिरी दिसतो म्हणून हे नाव. ग्रीन रिव्हर फॉर्मेशन नावाच्या मोठ्या खडकसमूहातला हा सगळ्यात श्रीमंत पट्टा, आणि ऑइल शेलचं, म्हणजे तापवल्यावर तेल देणाऱ्या दगडाचं, पेट्रोलियम पोटेन्शियल, म्हणजे त्यातून किती तेल निघू शकेल ते, केमिकल टेस्टनी कसं काढतात हे शिकायचं असेल तर याच्याइतकं चांगलं प्रकरण मला तरी माहीत नाही.

प्रकरण थोडक्यात असं. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याने, म्हणजे यूएसजीएसने, २००९ साली जाहीर केलं की एकट्या पिसिआन्स खोऱ्यातल्या ऑइल शेलमध्ये मिळून साधारण १.५२५ ट्रिलियन बॅरल तेल आहे, आपल्या भाषेत सव्वापंधराशे अब्ज म्हणा नाहीतर १ लाख ५२ हजार कोटी बॅरल म्हणा. आणि दुसरीकडे काय, तर याच खोऱ्यात एक्सॉन कंपनीने २ मे १९८२ ला कॉलनी नावाचा अवाढव्य प्रोजेक्ट एका झटक्यात बंद केला, दोन हजारांवर लोकांची कामं गेली, तिथले लोक त्या दिवसाला अजून ब्लॅक संडे म्हणतात. शेजारचा युनोकॉल कंपनीचा कारखाना त्यानंतर काही वर्षं चालला पण १९९१ ला तोही थांबला आणि तोवर त्यातून निघालेलं तेल होतं साधारण ४५ लाख बॅरल. म्हणजे लाखो कोटींच्या समोर काही लाख.

असं काही वाचलं की पहिला संशय लॅबवर जातो, आकडाच खोटा असणार. मी कोळशाच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत, चंद्रपूर भागातल्या कोळशाच्या राख-ओलाव्याच्या टेस्ट रोजच्या रोज, त्यामुळे हा संशय मला जवळचा आहे आणि म्हणूनच हे प्रकरण मी मुळापासून वाचत गेले. माझं मत आधीच सांगते, आकडा खोटा नव्हता. तो एका नेमक्या प्रश्नाचं नेमकं उत्तर होता. लोकांनी तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचला.

तर सुरुवात दगडापासून. हा दगड नावाला शेल आहे, खरं तर चुन्याचा आणि डोलोमाइटचा (चुन्यासारखंच, पण मॅग्नेशियमही असलेलं खनिज) भरपूर अंश असलेला मार्ल, म्हणजे मातकट चुनखडीचा दगड, आहे. इओसीन काळात, म्हणजे साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी, इथे मोठमोठी तळी होती, त्यात शेवाळं वाढायचं, मरून तळाशी बसायचं, तळाशी ऑक्सिजन जवळजवळ नाही त्यामुळे कुजून संपायचं नाही, वर बारीक चिखल बसत जायचा. असे कागदासारखे पातळ थर लाखो वर्षं साठले. त्या शेवाळाचं जे घन रूप झालं त्याला केरोजेन म्हणतात, हा शब्द स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर क्रम ब्राउन यांनी १९०६ च्या सुमारास स्कॉटलंडच्या ऑइल शेलसाठी काढला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या दगडात तेल नाहीये. केरोजेन आहे, आणि केरोजेन कुठल्याही साध्या सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही. दगड दळून डायक्लोरोमिथेनमध्ये कितीही उकळा, त्यातला थोडासा भाग, ज्याला बिटुमेन म्हणतात, तेवढाच बाहेर येतो, बाकी सगळं दगडातच बसून राहतं. तेल तयार होतं ते केरोजेन तापवून तोडल्यावर. आपल्या मुंबई हायचं उदाहरण घ्या, १९७४ ला तिथे तेल लागलं, ते तेल मुख्यतः पन्ना फॉर्मेशन नावाच्या खोल थरातल्या सेंद्रिय द्रव्यातून आलं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने लाखो वर्षं घेऊन ते शिजवलं आणि मग ते वर सरकून चुनखडीत साठलं. पिसिआन्सचा दगड तेवढा खोल कधी गेलाच नाही. तो कच्चा राहिला. निसर्गाचं अर्धं राहिलेलं काम माणसाने भट्टीत करायचं, हे ऑइल शेल. मग "यात तेल किती" या प्रश्नाचा खरा अर्थ होतो, "मी अमुक पद्धतीने तापवलं तर किती निघेल", आणि त्यातला अमुक पद्धतीने हा भाग बातमीत गळून पडतो.

ती अमुक पद्धत म्हणजे फिशर अ‍ॅसे. मूळ जर्मनीतली, फ्रान्झ फिशर आणि हान्स श्राडर यांनी कोळशासाठी काढलेली, म्हणजे कोळसा कमी तापमानाला तापवला तर डांबर किती मिळेल ते बघायला. पुढे अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सच्या स्टॅनफील्ड आणि फ्रॉस्ट यांनी १९४९ मध्ये ती ऑइल शेलसाठी बसवून घेतली आणि तेव्हापासून खोऱ्यातल्या हजारो फूट कोअरची, म्हणजे ड्रिलिंग करून काढलेल्या दगडाच्या लांब दांड्यांची, तपासणी याच कृतीने झाली. यूएसजीएसचे ते ट्रिलियन यातूनच बेरीज होऊन आलेत.

कृती सांगते, कारण ती कृतीच सगळं काही आहे. ड्रिलिंगमधून आलेला कोअर साधारण फूट-दोन फुटांच्या तुकड्यात घ्यायचा, उभा चिरायचा, एक भाग जपून ठेवायचा आणि एक भाग दळायचा, साधारण २.४ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतका. बरोबर १०० ग्रॅम मोजून अ‍ॅल्युमिनियमच्या रिटॉर्टमध्ये, म्हणजे तापवायच्या बंद भांड्यात, भरायचा. झाकण घट्ट. मग मिनिटाला १२ अंश सेल्सिअस या वेगाने ५०० अंशांपर्यंत न्यायचं आणि ५०० ला ४० मिनिटं धरून ठेवायचं, चढायला साधारण ४० मिनिटं आणि थांबायला ४०, म्हणजे एका नमुन्याला भट्टीपुढे सव्वा तासाच्या वर. रिटॉर्टच्या नळीतून वाफ बाहेर येते ती बर्फाच्या पाण्याने गार केलेल्या कंडेन्सरमधून खाली एका खुणा असलेल्या सेंट्रिफ्यूज ट्यूबमध्ये पडते.

मी हीच टेस्ट कोळशावर केलीये त्यामुळे ती ट्यूब डोळ्यासमोर आहे. आधी बराच वेळ काहीच नाही, मग काचेवर आतून धुकं धरतं, पाण्याचे थेंब खाली येतात, आणि मग साडेतीनशे-चारशेच्या पुढे पिवळट धूर दिसायला लागतो आणि थेंबांचा रंग बदलतो, गडद, चिकट, ओशट. शेवटी ट्यूबमध्ये तेल आणि पाणी एकत्र लोण्याताकासारखं मिसळलेलं असतं, ते कोमट करून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं म्हणजे दोन थर स्वच्छ वेगळे होतात, आणि मग वाचायचं. इथे घाई केली की तेलात अडकलेलं पाणी तेल म्हणून मोजलं जातं, हे मी नव्या मुलांना दहादा सांगायचे.

मग चार आकडे येतात. तेल किती, पाणी किती, रिटॉर्टमध्ये उरलेला दगड किती, आणि चौथा आकडा म्हणजे १०० मधून हे तिन्ही वजा केल्यावर जे राहतं ते, त्याला म्हणतात गॅस प्लस लॉस. लक्षात ठेवा हा चौथा आकडा मोजलेला नसतो, वजाबाकीने काढलेला असतो, मागच्या तिन्हीतल्या सगळ्या चुका त्याच्या पोटात जाऊन बसतात. पुढे याचंच एक लफडं येणार आहे.

तेलाचा आकडा अमेरिकेत टनाला गॅलन असा सांगतात. त्यांचा टन आपल्यापेक्षा छोटा, ९०७ किलोचा, आणि गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणून १ गॅलन प्रति टन म्हणजे आपल्या टनाला ४.१७ लिटर. तेलाची घनता ०.९२ च्या आसपास धरली तर दगडाच्या वजनाच्या १० टक्के तेल निघालं म्हणजे साधारण २६ गॅलन. मॅहॉगनी झोनमधला चांगला म्हणावा असा दगड २५ गॅलनच्या वर असतो, मेट्रिक टनाला १०४ लिटर. झोनच्या आतला मॅहॉगनी बेड नावाचा पातळ थर तर ६० च्या पुढेही जातो. आणि झोनच्या वर आणि खाली ए-ग्रूव्ह आणि बी-ग्रूव्ह म्हणून दोन गरीब पट्टे आहेत, ते इतके कमी प्रतीचे की उघड्या कड्यावर तिथे खाच पडलेली दिसते.

एक छान गोष्ट अशी की या दगडात केरोजेन जितकं जास्त तितका दगड हलका, कारण केरोजेनची घनता पाण्याच्या आसपास आणि डोलोमाइटची जवळपास तिप्पट. त्यामुळे नुसती घनता मोजूनही तेलाचा अंदाज येतो, हा संबंध ब्युरो ऑफ माइन्सच्या जॉन वॉर्ड स्मिथ यांनी व्यवस्थित बसवून दिला. हातात घेतलेला तुकडा दिसतो त्यापेक्षा हलका लागला तर तो श्रीमंत.

आता फिशरचा आकडा एकटाच घ्यायचा नाही, त्याला दुसऱ्या बाजूने तपासायचं असतं. दुसरी बाजू म्हणजे टीओसी, दगडातला एकूण सेंद्रिय कार्बन, आणि रॉक-इव्हॅल.

टीओसीला वाटतं तितकं सोपं समजू नका. दगड जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा एवढंच काम, पण चुना आणि डोलोमाइट यांच्यातही कार्बन असतो, तो आधी ॲसिडने काढून टाकावा लागतो. चुन्याला गार हायड्रोक्लोरिक ॲसिड पुरतं, फसफसतं आणि संपतं. डोलोमाइट मात्र गार ॲसिडला दाद देत नाही, त्याला तापवावं लागतं, वेळ द्यावा लागतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसात मी एका कार्बोनेटवाल्या नमुन्याला गार ॲसिड दिलं, फसफस थांबली, मला वाटलं झालं, धुतला, वाळवला, जाळला, आणि टीओसी दीड टक्क्याने जास्त आला. दोन दिवस मशीनचं कॅलिब्रेशन तपासत बसले. चूक मशीनची नव्हती, तळाशी डोलोमाइट शिल्लक होता. हिशोब असा की शुद्ध डोलोमाइटमध्ये १३ टक्के कार्बन असतो, म्हणजे जाळलेल्या नमुन्यात १० टक्के जरी डोलोमाइट राहून गेला तरी टीओसीमध्ये १.३ ची फुकटची भर. ग्रीन रिव्हरच्या दगडात तर डोलोमाइट हा मुख्य घटकांपैकी एक आहे.

रॉक-इव्हॅल ही फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेत १९७० च्या दशकात एस्पितालिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली पद्धत. फिशरला १०० ग्रॅम लागतात, इथे १०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी. नमुना आधी ३०० अंशांवर काही मिनिटं धरतात, तेव्हा जे आधीपासून मोकळं आहे ते उडून येतं, तो एस-वन. मग मिनिटाला २५ अंशाने वर नेतात, केरोजेन तुटतं, जे हायड्रोकार्बन निघतं तो एस-टू. एस-टू ज्या तापमानाला सर्वात जास्त असतो त्यावरून टीमॅक्स, दगड जमिनीत आधीच किती शिजलाय ते सांगणारा आकडा. एस-टूला टीओसीने भागून १०० ने गुणलं की हायड्रोजन इंडेक्स, म्हणजे कार्बनच्या मानाने हायड्रोजन किती, आणि तेल होण्यासाठी हायड्रोजनच हवा, कोळशात कार्बन भरपूर असतो पण हायड्रोजन कमी म्हणून कोळशातून तेल तुटपुंजं निघतं. ६०० च्या वर इंडेक्स असेल तर टाइप वन केरोजेन, तेलासाठी सगळ्यात उत्तम. ग्रीन रिव्हर हे टाइप वनचं जगभर दिलं जाणारं उदाहरण.

मॅहॉगनी झोनच्या केरोजेनची रचना स्मिथ यांनी १९६१ मध्ये दिली ती अशी, कार्बन ८०.५ टक्के, हायड्रोजन १०.३, ऑक्सिजन ५.८, नायट्रोजन २.४, गंधक १. याचं अणूंच्या संख्येत गुणोत्तर काढलं तर कार्बनच्या दर एका अणूमागे हायड्रोजनचे १.५२ अणू येतात. दगडी कोळशात हे सहसा एकाच्याही खाली असतं. या २.४ टक्के नायट्रोजनकडे आत्ताच लक्ष ठेवा.

आता दोन्ही टेस्ट एकमेकींना जुळतात का ते बघू, आणि हे गणित मी मुद्दाम करून दाखवतेय कारण नुसत्या वाचनाने ते पटत नाही. समजा फिशरला १० टक्के तेल आलं, २६ गॅलन. तेलात कार्बन ८४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तेलातून गेलेला कार्बन ८.४. या केरोजेनच्या कार्बनपैकी साधारण दोन तृतीयांश फिशरमध्ये तेल होतो, बाकी थोडा गॅस आणि उरलेला काळ्या कार्बनच्या रूपात दगडावर राहतो. म्हणून मूळ सेंद्रिय कार्बन हवा १२.७ टक्के. हायड्रोजन इंडेक्स ९०० धरला, जो या दगडाला शोभतो, तर एस-टू येईल ११४ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम, म्हणजे दगडाच्या ११.४ टक्के. फिशर १० म्हणतंय, रॉक-इव्हॅल ११.४. कारण रॉक-इव्हॅलमध्ये गॅसही मोजला जातो आणि निघालेली वाफ लगेच पुढे वाहून नेली जाते, फिशरमध्ये ती थोडा वेळ गरम दगडात घुटमळते आणि काही भाग तिथेच जळकटतो. म्हणजे जुळलं. आता माझ्यासारखा कुणी डोलोमाइट विसरला आणि टीओसी १४ आला तर तोच इंडेक्स ८१४ दिसेल, फिशरमध्ये तेल "अपेक्षेपेक्षा कमी" वाटेल, आणि माणूस उगाच केरोजेनला दोष देत बसेल. अशा श्रीमंत दगडासाठी रॉक-इव्हॅलला नमुनाही कमी घ्यावा लागतो, नेहमीच्या मापाने घेतला तर डिटेक्टर भरून जातो आणि एस-टू खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

हीच कृती दुसऱ्या दगडावर लावली की काय होतं तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात डेव्होनियन काळातली काळी शेल आहे, तिच्यात सेंद्रिय कार्बन चांगला असतो पण केरोजेन टाइप टू, हायड्रोजन कमी. तिचा साधारण एक तृतीयांश कार्बनच फिशरमध्ये तेल होतो. पण तोच दगड दाबाखाली हायड्रोजन वायू देऊन तापवला तर तेल फिशरच्या दुपटीच्या आसपास जातं. म्हणजे फिशरचा आकडा ही कमाल मर्यादा नव्हे. आणि उलट बाजूने, शेल नावाच्या तेल कंपनीने पिसिआन्समध्येच जमिनीत हीटर सोडून दगड जागेवर वर्षानुवर्षं हळूहळू शिजवायचे प्रयोग केले, तिथे तेल फिशरपेक्षा कमी पण बरंच हलकं आणि स्वच्छ मिळालं. दगड तोच, तापवायची पद्धत वेगळी, उत्तर वेगळं. म्हणून कुठल्याही रिटॉर्टचं उत्पादन "फिशरच्या इतके टक्के" असं सांगायची पद्धत पडली, फिशर ही फूटपट्टी झाली. फूटपट्टी म्हणून ती फार चांगली आहे, हजारो फूट कोअर एकाच मापाने मोजलेला असणं ही छोटी गोष्ट नाही.

आता सोड्याचं लफडं. पिसिआन्स खोऱ्याच्या मधल्या खोल भागात दगडात नाहकोलाइट नावाचं खनिज आहे, गाठी गाठींनी आणि थरांनी. नाहकोलाइट म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आपला खायचा सोडा, अगदी तोच. यूएसजीएसच्या हिशोबाने खोऱ्यात तो ४३ अब्ज टनांच्या वर आहे. आणि सोडा तापला की काय करतो हे ढोकळा करणाऱ्या प्रत्येकाला माहितेय, कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि पाणी सोडतो, ते काही ५०० अंशांची वाट बघत नाही, दोनशेच्या आतच काम उरकतो. समजा १०० ग्रॅम नमुन्यात २० ग्रॅम नाहकोलाइट आहे. तर त्यातून २.१ ग्रॅम पाणी आणि ५.२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघणार. पाणी जातं पाण्याच्या रकान्यात. आणि तो ५.२ ग्रॅम गॅस कुठे जातो, तर त्या वजाबाकीच्या गॅस प्लस लॉसमध्ये. वरून बघणाऱ्याला वाटतं केरोजेनमधून केवढा जळाऊ गॅस निघाला, भट्टीला फुकटचं इंधन मिळणार. प्रत्यक्षात तो न जळणारा गॅस आहे. त्याच भागात डॉसोनाइट नावाचं सोडियम-अ‍ॅल्युमिनियमचं कार्बोनेटही आहे, ते जरा वर, साडेतीनशेच्या आसपास तुटतं, म्हणजे नेमकं केरोजेन तुटायला लागतं त्याच सुमारास, आणि रॉक-इव्हॅलमध्ये सेंद्रिय ऑक्सिजन मोजायची जी तापमानाची खिडकी आहे, ३०० ते ३९० अंश, त्यात त्याचा कार्बन डायऑक्साइड घुसतो. मग ऑक्सिजन इंडेक्स, म्हणजे कार्बनच्या मानाने ऑक्सिजन किती तो आकडा, फुगतो आणि उत्तम टाइप वन केरोजेन उगाच हलक्या प्रतीचं वाटतं. उपाय आहेत, एक्स-रे डिफ्रॅक्शनने खनिजं आधी ओळखून घेणं, गॅस खरोखर गोळा करून त्याची क्रोमॅटोग्राफी करणं, म्हणजे त्यातले घटक वेगळे करून मोजणं, पण ते प्रत्येक फुटाला कुणी करत नाही. तेलाचा रकाना मात्र यातून बराचसा सुखरूप सुटतो हेही खरं, सोडा तेल बनून येत नाही. फक्त दगडाचं वजन वाढवतो.

आणि भट्टीत वेगळीच किंमत मागतो. उष्णतेचा ढोबळ हिशोब करू. एक टन दगड ५०० अंशांपर्यंत न्यायला साधारण अर्धा ते पाऊण गिगाज्यूल लागतात. २५ गॅलनच्या दगडातून १०४ लिटर तेल, त्यात साधारण ४ गिगाज्यूल. बरं चाललंय. १० गॅलनचा दगड घेतला तर तेलात १.६ च्या आसपास आणि तापवायचा खर्च तोच. वर सोडा तोडायला उष्णता, पाण्याची वाफ करायला उष्णता, दगड खणायला, दळायला, उरलेला दगड नेऊन टाकायला. हा उरलेला दगड दळला गेल्यामुळे आणि तापून फुगल्यामुळे मूळ जागेत परत मावत नाही. आणि फिशरच्या आकड्यात यातलं काहीच नसतं, तिथे भट्टी विजेवर चालते आणि विजेचं बिल कुणी रिपोर्टवर लिहीत नाही.

आता निघालेलं तेल. ते बॅरलमध्ये भरलं म्हणून कच्चं तेल होत नाही. त्यात नायट्रोजन २ टक्क्यांच्या आसपास असतो, नेहमीच्या कच्च्या तेलाच्या कित्येक पट, तो त्या २.४ टक्क्यांतूनच आला. रिफायनरीतल्या कॅटलिस्टला नायट्रोजन मारक. शिवाय आर्सेनिक, दहा लाखात काही दहा भाग, तेही कॅटलिस्ट खराब करतं. अल्केन आणि अल्कीन भरपूर असल्यामुळे तेल ठेवलं की डिंक धरतं आणि थंडीत गोठतं. म्हणजे आधी हायड्रोजन देऊन साफ करायचं आणि मग रिफायनरीला पाठवायचं, अजून एक कारखाना आला. माझं ठाम म्हणणं आहे की पोटेन्शियलच्या प्रत्येक रिपोर्टवर तेलाच्या गॅलनशेजारी नायट्रोजन आणि आर्सेनिकचा रकाना सक्तीने असायला हवा, कारण ट्यूबमधल्या तेलाचे दोन मिलिलिटर तिथे आधीच हातात असतात.

आता परत त्या ट्रिलियनकडे जाऊ. १९८९ चा आकडा होता १ ट्रिलियन, २००९ ला तो दीडवर गेला. दगड वाढला नाही, आधी न धरलेले भाग आणि थर धरले गेले. आणि तो आकडा म्हणजे जागेवर असलेलं, काढता येईल असं नव्हे, हे यूएसजीएसने स्वतःच स्पष्ट लिहिलंय. पुढे त्यांनी तोच साठा प्रतीप्रमाणे वेगळा केला, आणि माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम ते. १.५२५ ट्रिलियनपैकी टनाला १५ गॅलन किंवा जास्त देणाऱ्या दगडात आहेत ९२० अब्ज बॅरल. २५ गॅलन किंवा जास्तवाल्या दगडात ३५२ अब्ज. म्हणजे सुमारे चौथा हिस्सा. शेजारच्या यूटामधल्या युइंटा खोऱ्यात एकूण साठा १.३ ट्रिलियनच्या पुढे आहे पण २५ गॅलनची अट लावली की तिथे एक अब्जही उरत नाही. एकूण साठा जवळपास सारखा, आणि एक चाळणी लावल्यावर एवढा फरक. प्रत बघायच्या आधी साठ्याची बेरीज करणाऱ्या माणसाला हे कधीच दिसणार नाही.

आणि ३५२ अब्ज म्हटलं तरी तो दगडच आहे. २५ गॅलनच्या प्रतीला एका बॅरलसाठी दीड मेट्रिक टन दगड लागतो. युनोकॉलचा कारखाना दिवसाला १० हजार बॅरलसाठी बांधला होता, या प्रतीने रोज १५ हजार टन दगड खणा, दळा, तापवा आणि त्यातला बहुतेक परत टाका. चंद्रपूरला खाणीवर ज्यांनी काम केलंय त्यांना १५ हजार टन म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की कोळसा वॅगनमध्ये भरून पाठवला की सुटलो, इथे पाठवायचा आहे तो दहावा हिस्सा आणि सांभाळायचे आहेत बाकीचे नऊ. त्यात १९८२ ला तेलाचे भाव खाली यायला लागलेले. एक्सॉनने काम थांबवलं तेव्हा मॅहॉगनी झोनचा फिशरचा एकही आकडा बदललेला नव्हता.

आपल्याकडे कुणी असा नमुना घेऊन आलं तर मी काय करेन हे मला बऱ्याचदा विचारतात. उघड्या कड्यावरचा तुकडा घेणार नाही, ऊन-पावसाने त्याचा हायड्रोजन आधीच गेलेला असतो, निदान काही मीटर आतला कोअर मागेन. एक्स-रेने खनिजं बघेन, आधी. मग टीओसी, गरम ॲसिडने, जोडीने दोनदा. मग रॉक-इव्हॅल, कारण ती स्वस्त आहे आणि त्यावरून कुठल्या फुटांवर फिशर करायची ते ठरतं. टीमॅक्स बघेन, ४३५-४४० च्या वर बरंच गेलं असेल तर दगड आधीच शिजून तेल देऊन मोकळा झालेला असू शकतो, गुजरातच्या खंबात खोऱ्यातली शेल खोल भागात अशीच आहे, तिच्यातलं तेल अंकलेश्वरसारख्या क्षेत्रात जाऊन बसलंय, तिला विचारायचा प्रश्नच वेगळा. आणि फिशर सगळ्यात शेवटी, गॅस गोळा करून, तेलाचा नायट्रोजन मोजून.

पिसिआन्समध्ये आज तेलाचा कारखाना नाही. शेल कंपनीनेही २०१३ मध्ये तिथलं संशोधन गुंडाळलं. पण खोऱ्यात विहिरी चालू आहेत, त्यात गरम पाणी खाली सोडतात, ते ऑइल शेलच्या थरांमधला नाहकोलाइट विरघळवून वर आणतं, वर गार केलं की पांढरे स्फटिक खाली बसतात, आणि ते वाळवून पोत्यात भरून विकतात. खायचा सोडा, जो फिशरच्या रिपोर्टवर गॅस प्लस लॉसमध्ये जायचा.